पाळणा थांबवणारा माणूस

(दहावी १९८७ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोनवर बजावलं होतं, "वीस मिनिटं बोल. आठवणी नकोत, त्या सगळेच सांगणार आहेत. तू तिकडे अमेरिकेत नेमकं काय करतेस ते एकदाचं सांगून टाक." त्यातला 'एकदाचं' हा शब्द मला फार आवडला. कारण गावात माझ्याबद्दल तीन मतं आहेत. एक, मी सिनेमात आहे. दोन, मी नासात आहे. आणि तीन, मी पाळणे चालवते. यातलं तिसरं मत खऱ्याच्या सगळ्यात जवळ आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी ज्या कंपनीत आहे ती मोठ्या करमणूक उद्यानांसाठी राइड्स आणि देखावे तयार करते. उद्यान आमचं नसतं, तिकीटही आमचं नसतं. उद्यानाचा मालक येतो आणि सांगतो : एवढी जागा, एवढे पैसे, अमुक साली दार उघडायचं. तिथून पुढे तीन-चार वर्षं आमचं काम चालतं. आमच्याकडे चित्रकार आहेत, लेखक आहेत, वास्तुरचनाकार, शिल्पकार, संगीतकार, सुतार, वेल्डर आणि आमच्यासारखे इंजिनिअर आहेत. आधी कल्पना कागदावर येते, मग फोमची छोटी प्रतिकृती होते. त्यानंतर गोदामात पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या करून, चाकाच्या खुर्चीवर एकमेकांना बसवून ढकलत नेतो आणि बघतो, की इथे वळल्यावर माणसाला काय दिसेल. पन्नाशी उलटलेली माणसं खुर्च्या ढकलत ओरडताहेत, हे दृश्य तुम्ही बघितलं असतं तर आमच्या पगाराबद्दल तुम्हाला शंका आली असती.

माझा भाग कंट्रोल सिस्टिमचा. गाडी केव्हा सुटायची, दार केव्हा लागायचं, आणि मुख्य म्हणजे केव्हा थांबायचं, हे ठरवणारी यंत्रणा.

अशा कंपन्यांची सुरुवात कुठे झाली, तेही थोडं सांगते. पाळणे, चक्र्या, घसरगाड्या हे सगळं जगात फार जुनं आहे. १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनिअरने २६४ फूट उंचीचा आकाशपाळणा उभा केला. त्याला ३६ डबे होते आणि एका डब्यात ६० माणसं मावत. म्हणजे आपली अख्खी शाळा एका फेरीत बसली असती, वर शेजारच्या शाळेलाही जागा उरली असती. पण तोपर्यंत आणि त्यानंतरही बरीच वर्षं पद्धत आपल्या जत्रेसारखीच होती. यंत्रं बनवणारे वेगळे, जागा देणारे वेगळे, आणि सगळी यंत्रं एकमेकांशेजारी मांडलेली.

हे बदललं वॉल्ट डिस्ने यांनी. १९५२ साली त्यांनी फक्त उद्यानाची कल्पना आखण्यासाठी एक वेगळी कंपनी काढली आणि तिच्यात आपल्या सिनेमाच्या स्टुडिओतले चित्रकार, कलादिग्दर्शक आणले. त्या माणसांना यंत्रांची माहिती कमी, पण एक गोष्ट पक्की ठाऊक होती : आधी काय दाखवायचं, मग काय दाखवायचं. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात अॅनाहाइम इथे, जिथे आधी संत्र्याच्या बागा होत्या, तिथे डिस्नीलँड उघडलं. पहिल्या दिवशी फार फजिती झाली. उन्हाने नवं डांबर मऊ झालं, बायकांच्या टाचा त्यात रुतल्या, प्यायला पाणी पुरेना, खोटी तिकिटं घेऊन माणसं आत शिरली. पण कल्पना टिकली. आज आमच्यासारख्या कंपन्या जे करतात, त्याचं मूळ तिथे आहे.

यातल्या पुष्कळ युक्त्या तुम्हाला आधीच माहीत आहेत. रात्री एसटीत खिडकीशी बसल्यावर काचेत आपला चेहरा दिसतो आणि त्याच्या आरपार बाहेरचे दिवेही दिसतात. आत उजेड, बाहेर अंधार, मध्ये काच. एवढंच करून १८६२ साली लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर या प्राध्यापकाने रंगमंचावर भूत उभं केलं होतं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची, पण नाव पेपरचं झालं. १९६९ मध्ये डिस्नीलँडमध्ये भुतांचा वाडा उघडला, त्यातली नाचणारी भुतं याच युक्तीची. माणसं समजतात, कॉम्प्युटरची करामत आहे. ती एसटीच्या खिडकीची करामत आहे.

तिथल्या राजवाड्याचंही तसंच. उंची ७७ फूट, पण वाटतो त्याहून कितीतरी उंच. कारण खालच्या विटा मोठ्या काढल्यात आणि वर जावं तशा लहान लहान. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या आपल्याकडच्या चित्रकारांना हे शिकवावं लागलं नसतं. तुळया, खांब, लांबवर जाणारा रस्ता, हे सगळं ते सपाट कापडावर उभं करत होतेच. गणपतीत आपल्याकडे हलते देखावे होतात. जुनी मोटर, सायकलचं चाक, एक पट्टा, आणि भीमाचा हात खालीवर. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात अब्राहम लिंकनचा पुतळा खुर्चीतून उठून भाषण करू लागला, तेव्हा लोक थक्क झाले. यंत्र फार गुंतागुंतीचं होतं, हे खरंच. पण मंडळातल्या पोरांची आणि त्या इंजिनिअरांची धडपड एकाच जातीची.

रांगेचंही शास्त्र आहे. तीन मिनिटांच्या राइडसाठी माणूस तासभर उभा राहतो. तो तास त्याला जड होऊ नये म्हणून रांग वळणावळणाची करतात, म्हणजे पुढे सरकल्यासारखं वाटतं. आणि गोष्टीची सुरुवात रांगेतच करतात. हे मी तिकडे शिकवायला लागले तेव्हा मला पंढरपूरची दर्शनबारी आठवायची. तिथे कुणी डिझायनर नसतो, पण रांगेत भजन सुरू होतं आणि तास निघून जातात.

आता विज्ञानाच्या बाई समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत, तेव्हा एक गणित करायलाच हवं. बाई, तुम्ही नववीत पाण्याची बादली गोल फिरवून दाखवली होती. वरून उलटी झाली तरी पाणी सांडत नाही. रोलर कोस्टरचा उभा वेढा म्हणजे तीच बादली, आत पाण्याऐवजी माणसं. १८९५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर कुणीतरी असा वेढा बांधला होता, अगदी वर्तुळाकार. माणसांच्या माना दुखावल्या. का? वेढ्याच्या माथ्यावर गाडी रुळाला जेमतेम चिकटून राहील एवढाच वेग ठेवला, तरी हिशेब असा निघतो की तळाशी माणसाला स्वतःच्या वजनाच्या सहा पट भार जाणवतो. पन्नास किलोच्या माणसाला तीनशे किलो. घर्षण धरलं तर त्याहून जास्त. आणि हा भार क्षणात अंगावर येतो.

वर्तुळ लहान करा, मोठं करा, सहा पट काही सुटत नाही. उत्तर मिळालं ते आकार बदलून. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच मॅजिक माउंटन उद्यानात जर्मन इंजिनिअर वर्नर स्टेंगेल यांनी गणित केलेला वेढा उभा राहिला. तो वर्तुळ नाही, उलट्या थेंबासारखा आहे. तळाशी जिथे वेग जास्त तिथे वळण सैल, माथ्यावर जिथे वेग कमी तिथे वळण घट्ट. रेल्वेचा सरळ रूळ वळणात शिरतो तेव्हा एकदम वाकत नाही, हळूहळू वाकत जातो. तेच वळण इथे उभं केलं. आज जगात जिथे जिथे उभा वेढा दिसतो, त्याचा आकार बघा. बहुतेक ठिकाणी थेंबच दिसेल.

यानंतर माझ्या स्वतःच्या कामाकडे येते. आमचा धंदा घाबरवण्याचा आहे. पण भीती आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाला भीती पुरेपूर मिळाली पाहिजे आणि धोका मात्र असता कामा नये. भीती बाहेरून दिसते, तिचे फोटो निघतात. धोका टाळणारी यंत्रणा कुणाला दिसत नाही, आणि तिच्यावर आमचा फार मोठा वेळ जातो.

तिची तत्त्वं साधी आहेत. पहिलं रेल्वेकडून घेतलं आहे. आपल्यातला एक जण रेल्वेत होता, तो सांगेल. रुळाचे भाग पाडायचे आणि एका भागात एका वेळी एकच गाडी. पुढचा भाग मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी सुटत नाही. दुसरं तत्त्व असं, की काही बिघडलं तर यंत्र आपोआप थांबलं पाहिजे. आमचे ब्रेक स्प्रिंगने बंद असतात आणि हवेच्या दाबाने उघडतात. वीज गेली, नळी फुटली, हवा संपली, तर ब्रेक लागतो. रेल्वेत साखळी ओढली की ब्रेकच्या नळीतली हवा निघून जाते आणि गाडी थांबते, तसंच. म्हणजे गाडी चालवायला सगळं ठीक असावं लागतं, आणि थांबायला एक गोष्ट बिघडली तरी पुरते. तिसरं, रोज सकाळी माणसं बसवण्याआधी तपासणी होते, गाड्या रिकाम्या फिरवतात आणि वहीत सही होते. नवी राइड असेल तर माणसाच्या वजनाचे पाण्याने भरलेले पुतळे बसवून कित्येक दिवस फिरवतात. उंचीची मोजपट्टी असते ती पोराला हिणवायला नसते. अडकवायचा दांडा तेवढ्या अंगाला नीट बसतो की नाही, याची ती खूण असते.

चौथं तत्त्व यंत्राचं नाही, माणसांचं आहे. प्रत्येक पॅनेलवर एक लाल बटण असतं. ते दाबायचा अधिकार तिथल्या सगळ्यात नव्या, सगळ्यात कमी पगाराच्या, सुट्टीत कामाला आलेल्या कॉलेजच्या पोरालाही असतो. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. त्याला काही खटकलं, बटण दाबलं, राइड बंद. पण पुन्हा सुरू करायची किल्ली मात्र मोजक्या लोकांकडे असते आणि तीही तपासणी झाल्यावरच फिरते. थांबवायला कुणीही, सुरू करायला जबाबदार माणूसच. आणि ज्याने थांबवलं त्याला, नंतर काही निघालं नाही तरी, रागवायचं नाही. एकदा रागावलात तर पुढच्या वेळी तो दोन सेकंद विचार करेल. ती दोन सेकंदं आम्हाला परवडत नाहीत. पंचवीस वर्षं मी तारा, सेन्सर, कॉम्प्युटर यांत घालवली, आणि तरी सांगते, या सगळ्यांहून मी त्या पोराच्या निर्भयपणावर जास्त भरवसा ठेवते.

आता हे तुम्हाला का सांगते आहे?

दोन वर्षांपूर्वी चैत्रात मी आपल्या जत्रेला आले होते. सवयीने पाळण्यापाशी गेले आणि वर न बघता खाली, सांध्यांकडे बघत उभी राहिले. एका पाळण्याच्या खिळीला जी पिन असायला हवी, तिथे बांधकामाची तार पिळून बसवली होती. पाळणा चालवणारा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "मावशी, पिन कालच पडली कुठेतरी. मालकांना सांगितलं. ते म्हणाले, जत्रा उरकू दे."

मी त्याला काही बोलायच्या आत तोच पुढे म्हणाला, "मी त्यात कुणाला बसवत नाही." मग मी नीट बघितलं. तो पाळणा खरंच रिकामा फिरत होता. आणि चक्राचा तोल जाऊ नये म्हणून बरोबर समोरचा पाळणाही त्याने रिकामा ठेवला होता. लोक बसायला आले की सांगायचा, "ते दोन खराब आहेत." रात्री हिशेबाला पैसे कमी भरले म्हणून मालकाने त्याला शिव्या दिल्या होत्या आणि मजुरीतून कापून घेतले होते.

रिकामा पाळणाही सुटून खालच्या माणसावर पडू शकतो. हे त्याला कळत नव्हतं असं मला वाटत नाही. पण पाळणा थांबवणं त्याच्या हातात नव्हतं, दोन पाळणे रिकामे ठेवणं होतं. त्याने ते स्वतःच्या मजुरीतून केलं. माझ्या कंपनीत ज्याला नियमावली, प्रशिक्षण आणि लाल बटण देऊन हे शिकवावं लागतं, ते या मुलाला कुणी न शिकवता येत होतं. त्याच्या पाठीशी कुणी नव्हतं, एवढाच फरक.

आपल्या वर्गातल्या एकाचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याला उठवलं, पिना आणल्या, पाळणा दहा मिनिटं थांबवून बसवल्या. पिनेची किंमत सांगत नाही, सांगायला लाज वाटते. त्या दहा मिनिटांत रांगेतली माणसं ओरडत होती आणि मालक त्याहून जास्त.

काही जण म्हणतील, मग हे पाळणे बंदच करा. मला ते पटत नाही. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड आलं होतं, ते आता बंद झालं; २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं. चांगली गोष्ट आहे, पोराबाळांना जरूर न्या. पण तिथलं तिकीट काढू न शकणारी घरं आपल्या तालुक्यात पुष्कळ आहेत. ऊसतोडीहून परतलेल्या बापाने पोराला जत्रेत पाळण्यात बसवणं, हा त्या पोराचा वर्षातला एकच खेळ असतो. बंद करा म्हणणं सोपं आहे. तो चालू राहावा आणि नीट चालावा, हे कठीण आहे, आणि ते आपल्याला जमण्यासारखं आहे.

आपल्या या तुकडीत आज दोन जण जत्रा समितीवर आहेत. एक जण बांधकाम खात्यातून निवृत्त झालाय, एक महावितरणमध्ये आहे, आयटीआयमध्ये शिकवणारी एक आहे. म्हणून माझं मागणं तुमच्यापुढे ठेवते.

एक : पाळणे उभे राहिल्यावर, पहिलं तिकीट फाडण्याआधी, आपल्यातल्या जाणकारांनी ठेकेदाराबरोबर प्रत्येक सांधा, प्रत्येक पिन, वायरिंग आणि अर्थिंग बघावं. सरकारी परवानगी आणि तपासणी लागते ती वेगळी, ती तर हवीच. हे आपले डोळे.

दोन : रोज दुपारी, गर्दीच्या आधी, पाळण्यात वाळूची पोती भरून काही फेऱ्या आणि वहीत सही. आयटीआयच्या मुलांना हे काम द्या. त्यांचंही शिक्षण होईल.

तीन : पाळणा थांबवायचा अधिकार चालवणाऱ्या मुलाला आहे, हे ठेक्याच्या कागदातच लिहा. आणि पुन्हा सुरू करायचा अधिकार समितीच्या माणसाने बघितल्यावरच.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं : तपासणीसाठी पाळणा थांबला तर तेवढ्या वेळाची मुलाची मजुरी कापली जाऊ नये. ती समितीने भरून द्यावी. थांबण्याची किंमत जर त्या मुलाच्या खिशातून जाणार असेल, तर बाकीचे तिन्ही नियम कागदावर राहतील.

दर वर्षी मेळाव्याला आपण शाळेसाठी वर्गणी काढतो. पंखे झाले, बाकं झाली, पाण्याची टाकी झाली. यंदाच्या वर्गणीतला एक वाटा या मजुरीसाठी आणि सुट्या भागांच्या एका पेटीसाठी बाजूला काढावा, असं मी सुचवते. पेटीत काय काय असावं याची यादी मी करून आणली आहे, हार्डवेअरवाल्या मित्राला दिली आहे. माझी वर्गणी मी सकाळीच भरली आहे. आणि ठेकेदारालाही आपण शत्रू समजू नये. तोही कर्ज काढून गावोगाव फिरतो. पिन तुटल्यावर पाच मिनिटांत नवी मिळाली, तर तार पिळायची वेळ त्याच्यावरही येणार नाही.

बाई, सर, तुम्ही आम्हाला गणित शिकवलं, बादली फिरवून दाखवली. त्याच्या जिवावर मी एवढी वर्षं परक्या देशातल्या लोकांना सुखरूप घाबरवत आले. त्यातलं थोडं आपल्या गावाला लागू पडावं, एवढीच इच्छा. चैत्राला अजून चार महिने आहेत. जेवणाच्या सुट्टीत समितीवरच्या दोघांनी आणि बाकीच्या तिघांनी मला त्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी भेटावं. वही मी घेऊन आले आहे.